ओले रान, कोरडे रान आणि वाघाचा शिधा

चौलच्या दत्ताच्या डोंगरावर चढून दक्षिणेकडे नजर टाकली म्हणजे पायथ्याशी नारळी-पोफळीच्या वाड्यांचा सलग हिरवा पट्टा, त्यापुढे रेवदंड्याची खाडी, आणि खाडीपलीकडे कोर्लईच्या डाव्या अंगाला एकीमागून एक उठत गेलेल्या डोंगरांच्या रांगा दिसतात. जंजिऱ्याच्या नवाबांनी संस्थानी अमदानीत शिकारीसाठी राखून ठेवलेले आणि १९८६ साली शासनाने अभयारण्य म्हणून जाहीर केलेले फणसाडचे रान ते याच रांगांत. साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या वाटेला लागले की तासाभरात सुपेगाव येते आणि तेथून रानच सुरू होते. आश्विनात या रानात शिरणाऱ्यास ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांच्या माथ्यांनी आभाळ झाकून टाकलेले आणि झाडाझाडांतून फिरलेल्या गारंबीच्या दांडग्या वेलींनी वाट अडवलेली आढळते. वाघ राहावा तर येथेच, असे कोणाच्याही मनात यावे.

आणि तरीही वाघ पाहावयाचा म्हटले की आमचे चौल-रेवदंड्याचे लोक हे घराशेजारचे रान सोडून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्याला जातात. तेही भर वैशाखात, जेव्हा तेथील पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेलेला असतो, सागाच्या फांद्या उघड्या पडलेल्या असतात आणि जमिनीवर पाचोळ्याखेरीज काही दिसत नाही. त्या भाजून निघालेल्या रानात वाघ भेटतो, आणि फणसाडच्या गर्द सावलीत त्याचा मागमूस नाही. आपल्याकडे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, तेथे हजार-बाराशे. आपल्याकडे बाराही महिने हिरवे, तेथे अर्धे वर्ष रुक्ष. मग जेथे वनश्री विपुल तेथे वनराज नाही आणि जेथे ती विरळ तेथे तो सुखाने नांदतो, हे काय म्हणून?

उत्तर वाघाकडे पाहून मिळत नाही. त्यासाठी आधी हरणाच्या पोटाकडे पाहावे लागते.

खाणे उंचावर, हरीण खाली

ज्या प्रदेशात पाऊस अतोनात पडतो तेथे झाडांना पाण्याची ददात नसते, वानवा असते ती सूर्यप्रकाशाची. प्रत्येक झाड उजेडाच्या हव्यासाने वर वर चढते, शेजारच्याला मागे टाकू पाहते, आणि अखेर सगळ्यांचे माथे एकमेकांस भिडून एक अखंड छत तयार होते. छताखाली जो थोडा उजेड झिरपतो त्यावर गवत वाढत नाही, कारण गवत ही उन्हाची वनस्पती आहे. शिवाय सदाहरित झाडांची पाने वर्षभर टिकवावयाची असल्याने ती जाड, चिवट आणि तुरट रसांनी भरलेली असतात. हरणाच्या जठराला ती सहसा मानवत नाहीत. अशा रानातले खाणे, म्हणजे फळे, कोवळे शेंडे आणि कळ्या, बहुतांशी आकाशात टांगलेले असते. म्हणूनच ओल्या रानात शेकरू सुखी असते, वानर सुखी असते, फळांवर जगणारे पक्षी सुखी असतात. जमिनीवरच्या खुरांच्या प्राण्यांची मात्र ओढाताण होते. फणसाडला सांबर आहे, भेकर आहे, अंगावर पांढरे ठिपके वागवणारी सशाएवढी पिसोरी आहे. पण ते सारे एकेकटे, विखुरलेले, सावलीतून सावलीत सरकणारे.

कोरड्या रानाची रीत उलटी. तेथील झाडे पाणी वाचविण्याकरिता वर्षातले कित्येक महिने पाने गाळून बसतात. तेवढ्या अवधीत ऊन थेट जमिनीला पोहोचते, आणि मृगाच्या सरी येताच त्या जमिनीतून गवत तरारून उठते. बांबूचे कोंब, तेंदूची कोवळी पालवी, चैत्रात मोहाच्या झाडाखाली पडणारा गोड, मांसल फुलांचा सडा, हे सर्व चितळाच्या तोंडाच्या उंचीवर मिळते. चितळ हा कळपाने चरणारा प्राणी. कुरण दिसले की त्याची संख्या झपाट्याने वाढते. ओल्या रानाने कमावलेले बहुतेक सारे धन लाकडात आणि उंच पानांत अडकून राहते. कोरडे रान आपल्या कमाईचा मोठा वाटा गवताच्या रूपाने हरणाच्या दाढेखाली आणून ठेवते, आणि तोच पुढे वाघाकडे जातो.

एका वाघाची जमाबंदी

पूर्ण वाढीचा वाघ दोनशे किलोंच्या घरात भरतो. एका बैठकीत तो पंधरा ते तीस किलो मांस खातो, उरलेले भक्ष्य झुडपाआड ओढून ठेवतो आणि तीन-चार दिवस त्याच्या आसपास राहून ते संपवितो. या हिशेबाने वर्षाकाठी त्याला साधारणतः पन्नास मोठी जनावरे लागतात. पिले असलेल्या वाघिणीला याहून अधिक.

आता पन्नास जनावरे लागतात म्हणून रानात पन्नास जनावरे असली की पुरे, असे नव्हे. आमच्या वाडीचेच पाहा. घर चालते ते नारळांच्या पाडणीवर, माडांच्या तोडणीवर नव्हे. घरात खाणारी तोंडे वाढली म्हणून कोणी माड तोडून विकू लागला, तर दोन वर्षे चैन होईल आणि तिसऱ्या वर्षी वाडीच उरणार नाही. रानातले हरणांचे कळप हे माड होत आणि त्यांची वर्षाची वीण हे नारळ. चितळाच्या मादीला बहुधा एका वेळी एकच पाडस होते. त्यातले काही रोगाने जाते, काही बिबट्याच्या आणि रानकुत्र्यांच्या वाट्याला जाते. नागरहोळेच्या अरण्यात वर्षानुवर्षे वाघांचा अभ्यास केलेले डॉ. उल्हास कारंत यांनी हा हिशेब असा मांडला आहे, की वाघाने वर्षाला कळपाचा सुमारे दहावा हिस्साच उचलावा, तर कळप कायम राहतो. म्हणजे पन्नास जनावरांसाठी पाठीमागे पाचशे जनावरे उभी हवीत. एक वाघ, पाचशे खुरांचे प्राणी: वाघाविषयी एवढे एकच प्रमाण ज्याने ध्यानी ठेवले, त्याला व्याघ्रप्रकल्पांच्या पुष्कळशा गोष्टी आपोआप उलगडतात.

वाघाच्या मुलखाची व्याप्तीही यातूनच ठरते. जेथे हरणे दाट आहेत तेथे वाघिणीला वीस-तीस चौरस किलोमीटर पुरतात. रशियाच्या अतिपूर्वेकडील हिमाच्छादित अरण्यात भक्ष्य इतके विरळ, की तेथील वाघिणीचा मुलूख चारशे चौरस किलोमीटरांच्या आसपास जातो. जनावर तेच, भूकही तीच. फरक केवळ चौरस किलोमीटरमागे किती खूर चालतात याचा. नराचा मुलूख याहून मोठा, आणि त्यात दोन-तीन वाघिणींचे मुलूख सामावलेले असतात.

या हद्दी राखण्याची वाघाची पद्धत मोठी विलक्षण आहे. वाटेच्या कडेचे एखादे कललेले झाड निवडून वाघ त्याच्याकडे पाठ करतो, शेपूट उभारतो आणि खोडावर उंच असा फवारा मारतो. त्या फवाऱ्याला जो वास येतो तो, प्रथम ऐकणाऱ्याचा विश्वास बसणार नाही, पण शिजत्या बासमती तांदळाचा येतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी हे द्रव्य ओळखले. बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला सुवास देणारा रेणू, तोच हा. आमच्याकडे परसात सुवासिक पानाचे जे रोप लावतात आणि ज्याच्या पानाचा तुकडा भाताच्या आधणात टाकतात, त्यातही तोच रेणू असतो. या वासाच्या खुणेवरून दुसऱ्या वाघाला, हा मुलूख कोणाच्या ताब्यात आहे आणि धनी किती दिवसांपूर्वी येथून गेला, हे कळते; समोरासमोरची मारामारी टळते. वाटेने जाणाऱ्या माणसालाही तो वास कधी कधी येतो, आणि ताजा वास आला की मार्गदर्शक जीप थांबवितो.

जामणीचे कुरण

ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते स्थापन झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ११६ चौरस किलोमीटरच होते. १९८६ साली त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले, आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून ६२५ चौरस किलोमीटरांचा व्याघ्रप्रकल्प झाला. भोवतीचे बफर क्षेत्र धरले तर आज हा आकडा सतराशेच्या वर जातो. तारू नावाच्या गोंड वीराचे वाघाशी झुंजताना येथे प्राणोत्क्रमण झाले, त्याचे ठाणे ताडोबाच्या तलावाकाठी आहे आणि त्यावरूनच स्थळास नाव पडले, अशी तेथील लोकश्रुती. पौषात त्या ठाण्यापाशी जत्रा भरते.

पूर्वी या अरण्याच्या पोटात गावे होती. नवेगाव, जामणी, बोटेझरी यांसारख्या गावांतील लोकांनी आपली घरेदारे सोडून बाहेर वस्ती केली, आणि त्यांची भातशेते मोकळी झाली. पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या, सपाट, उन्हात पडलेल्या त्या जमिनीवर गवत माजले. गवतामागे चितळ आले, रानगवे आले, आणि त्यांच्यामागोमाग वाघ आला. आज जामणीच्या कुरणाशी जीप उभी करून आपण जी दृष्टी सुखावणारी चितळांच्या कळपांची दौड पाहतो, ती एका गावाच्या शेतजमिनीवर चालली आहे. मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या फाटकातून आत शिरणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून घेतले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. वाघाचे संवर्धन शासनाच्या हुकमाने होते हे अर्धसत्य आहे. त्याची किंमत ज्यांनी आपल्या वहिवाटीच्या जमिनीच्या रूपाने मोजली ते लोक आज फाटकाबाहेरच्या वस्त्यांत राहतात, आणि त्यांपैकी कित्येकांची मुले मार्गदर्शक म्हणून आपल्याच जीपमध्ये पुढे बसलेली असतात.

तो दिसत का नाही, आणि मग दिसतो कसा

चितळांनी भरलेल्या कुरणात नारिंगी रंगाचे, काळ्या पट्ट्यांचे, नऊ फूट लांबीचे जनावर चितळांना दिसत नाही याचे नवल वाटते. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. तांबडा आणि हिरवा यांतला भेद त्याला करता येत नाही. आपल्याला जो नारिंगी भासतो तो हरणाला गवताच्याच रंगाचा वाटतो, आणि उभ्या काळ्या पट्ट्यांमुळे शरीराची सलग आकृती मोडून गवताच्या काड्या आणि त्यांच्या सावल्या एवढेच उरते. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग तयार होत नाही. पण हरणाच्या नजरेपुरता वाघ हिरवाच आहे.

एवढे असूनही दहा-वीस झडपांतून त्याची एखादीच साधते. याचे कारण असे, की वाघ हा दबा धरणारा प्राणी आहे, पाठलाग करणारा नव्हे. त्याचे सारे बळ अखेरच्या वीस-तीस पावलांत असते. तेथवर पोहोचण्यापूर्वी तो कोणाच्या नजरेस पडला, तर डाव फसला. म्हणूनच रानातले प्राणी त्याला पाहून मुकाट्याने पळत नाहीत, ओरडतात. ती ओरड कळपातल्या सोबत्यांसाठी असते हे खरे, परंतु वाघासाठीही असते: तू दिसलास, आता श्रम करू नकोस. पुष्कळदा वाघ ती ऐकून उठतो आणि सरळ चालू लागतो. ताडोब्यातला मार्गदर्शक इंजिन बंद करावयास सांगून ज्या हाकेकडे कान लावून बसतो, ती हीच.

[चौकट] कोणाची हाक किती खरी

वानर झाडाच्या शेंड्यावर बसलेले असते; त्याला दूरवरचे दिसते, आणि खोल घशातून आलेले त्याचे ‘खक्‌ खक्‌’ बहुधा प्रत्यक्ष पाहूनच काढलेले असते. चितळ भित्रे, वास आला, पान हलले, तरी ते तीक्ष्ण ‘कुक्‌’ असा आवाज करते, म्हणून एकट्या चितळाच्या हाकेवर फार विसंबू नये. भेकर कुत्र्यासारखे भुंकते आणि एकदा सुरू झाले की बराच वेळ थांबत नाही. सांबराची घोगरी, घंटेसारखी घुमणारी हाक सर्वांत मोलाची: सांबर उगाच ओरडत नाही, आणि त्याची हाक एकाच दिशेने लागोपाठ येत राहिली तर त्या दिशेला वाघ किंवा बिबट्या असण्याचा संभव मोठा. वानर आणि चितळ यांची संगत याच कारणाने जमते. वानराच्या हातून पडलेला पाला-फळे चितळाला मिळतात, आणि वरचे डोळे व खालचे नाक मिळून पहारा पुरा होतो.

वैशाखाचा पाणवठा

आता वैशाखातच का जावयाचे, ते सांगणे सोपे आहे. पावसाळ्यात ओढ्याओढ्याला पाणी असते, वाघ कोठेही असू शकतो. शिवाय जुलै ते सप्टेंबर उद्यानाचा गाभा बंदच असतो. माघ-फाल्गुनानंतर ओढे आटू लागतात. वैशाखात तलाव, थोडी पाणथळे आणि वनखात्याने बांधलेले पाणवठे एवढेच उरतात, आणि सतराशे चौरस किलोमीटरांवर पसरलेले रान त्या ओल्या जागांभोवती गोळा होते. पाने गळालेली असल्यामुळे दृष्टी दूरवर जाते. आणि मांजरांच्या कुळात वाघाला पाण्याची जी हौस आहे ती थोड्यांनाच असते.

त्याचे पाण्यात उतरणे जवळून पाहण्यासारखे असते. काठाशी येऊन तो प्रथम वळतो, पाठमोरा होतो, मागचे पाय सावकाश पाण्यात टाकतो आणि मग बसकण मारतो; तोंड काठाकडे, मागचा अर्धा देह पाण्यात. डोळ्यांत पाणी उडालेले त्याला रुचत नाही, असा जाणत्यांचा तर्क आहे. असा तो तास तास बसून राहतो आणि समोर उभ्या जीपांची यत्किंचित दखल घेत नाही.

तो दिसला नाही तरी वाटेवरच्या मऊ धुळीत त्याची नोंद असते. पाचोळा वाजतो आणि काटे रुततात, म्हणून वाघाला गाडीवाट पसंत असते. ठसा नीट पाहावा: चार बोटे, नखांच्या खुणा नाहीत, कारण चालताना नखे आत ओढलेली असतात, मागे रुंद तळवा, आणि त्याची मागची कड तीन पाळ्यांची. नराचा ठसा चौकोनाकडे झुकणारा, मादीचा थोडा लांबट. ठशाच्या कडा तीक्ष्ण असतील तर तो आजचा. त्यावरून एखादा किडा चालून गेला असेल, तर रात्रीचा.

या ठशांवरूनच एके काळी देशातले वाघ मोजीत. १९७२ सालच्या मोजदादीत १,८२७ हा आकडा आला आणि दुसऱ्या वर्षी, १ एप्रिल १९७३ रोजी, व्याघ्रप्रकल्प सुरू झाला; पहिल्या नऊ अरण्यांत आपला मेळघाट होता. परंतु एकाच वाघाचे ठसे चिखलात एक, धुळीत दुसरे उमटतात. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ होते आणि रानात एकही उरला नव्हता, हे २००५ साली उघडकीस आले, तेव्हा ही रीत मोडीत निघाली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंस आपोआप चित्र घेणारे कॅमेरे लावतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, आणि डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. म्हणून कॅमेरे दोन. २०२२ च्या गणनेत देशातील वाघांचा अंदाज ३,६८२, महाराष्ट्रातील ४४४, आणि ताडोबा-अंधारीतील ९७ असा निघाला.

मग फणसाडचे काय?

कोकणच्या डोंगरांत पट्टेरी वाघ पूर्वी होता. रायगड आणि ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यांत शेंदूर फासलेल्या वाघोबाच्या शिळा आजही पुजल्या जातात. तो गेला तो बंदुकीने जसा गेला, तसाच पाचशेच्या हिशेबाने गेला. फणसाडचे राखीव क्षेत्र पन्नास-पंचावन्न चौरस किलोमीटरांचे. ते हरणांनी काठोकाठ भरले तरी दोन वाघिणींपलीकडे कोणाची सोय लागणार नाही. त्यात हे रान ओले, म्हणजे मुळातच हरणांना कृपण. आणि नकाशा उघडला तर दिसते, की उत्तरेस कुंडलिकेची खाडी, दक्षिणेस राजपुरीची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस रोह्याची वस्ती, कारखाने आणि रेल्वे. अशा कोंडलेल्या रानात एखादा वाघ मेला तर त्याची जागा घेण्यास बाहेरून दुसरा येत नाही, आणि मोजक्या जनावरांत आपसांतच वीण झाली तर वंश दुबळा होत जातो. ताडोब्याचे बळ त्याच्या गाभ्यात जेवढे आहे, तेवढेच ब्रह्मपुरीसारख्या शेजारच्या रानांशी जोडलेल्या वाटांत आहे.

बिबट्या मात्र फणसाडला टिकला. त्याचे वजन पन्नास-साठ किलो. त्याला सांबरच पाहिजे असे नाही. वानर, भेकर, पिसोरी, रानडुकराचे पिलू, साळिंदर, प्रसंगी वस्तीच्या कडेचे कुत्रे, यांवर त्याचा चरितार्थ चालतो. दिवसा तो कपारीत किंवा झाडावर पडून असतो आणि गर्द रान त्याला लपवून ठेवते.

सह्याद्रीत कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली जो व्याघ्रप्रकल्प झाला, तेथे सागरेश्वर अभयारण्यातली चितळे नेऊन सोडण्यात आली आहेत. आधी हरीण, मग वाघ, हा क्रम अगदी योग्य आहे, असे माझे मत आहे. तेथे क्षेत्र अकराशे चौरस किलोमीटरांहून अधिक आहे आणि दक्षिणेकडे गोवा-कर्नाटकाच्या रानांशी संबंध आहे, म्हणून तेथे आशेला जागा आहे. फणसाडला वाघ आणावा असे कोणी म्हटले, तर मी त्याला हा हिशेब दाखवीन.

फणसाडला जावयाचे ते गाणांसाठी. डोंगरातल्या नैसर्गिक पाणवठ्यांना तेथे गाण म्हणतात. फणसाडचे गाण, चिखलगाण, धरणगाण ही त्यांतली काही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते या पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची नोंद घेते, आणि दुसऱ्या दिवशी बिबटे किती दिसले हे सारे जण प्रथम विचारतात. मी त्या यादीत आधी सांबर आणि भेकर यांच्या रकान्यांवर बोट ठेवतो. ते रकाने दरवर्षी थोडे थोडे भरत गेले, तर बिबट्याला गावाच्या कुत्र्यांकडे उतरून येण्याची गरज कमी होत जाते, आणि सुपेगावच्या माणसाला आपल्या शेळ्या रात्री निर्धास्तपणे गोठ्यात बांधता येतात.